सोयरिकीसाठी दादाच्या गोळ्या बंद करायच्या का?

पत्र :

ताई, मी केज तालुक्यातल्या एका गावात राहते. बी.एस्सी. झाले आहे. माझा मोठा भाऊ २६ वर्षांचा आहे. तो छत्रपती संभाजीनगरला राहून पोलीस भरतीची तयारी करत होता. दोन भरत्या थोडक्यात हुकल्या. गेल्या वर्षी पावसाळ्यात गावी आला तो वेगळाच होऊन. रात्र रात्र जागायचा, जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय म्हणायचा, कुणी नसताना कुणाशी तरी वाद घालायचा. आधी देवऋषी झाला, मग सैलानीच्या दर्ग्याच्या वाऱ्या झाल्या. एका रात्री तो घरातून निघून गेला आणि शेजारच्या गावात सापडला. तेव्हा काकांनी त्याला रात्रभर गोठ्यात दाव्यानं बांधून ठेवलं. शेवटी मामांनी अंबाजोगाईला स्वारातीत, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. केसपेपरवर स्किझोफ्रेनिया लिहिलंय. गोळ्या सुरू होऊन वर्ष होत आलं. आता तो बराच चांगला आहे. सकाळी डेअरीला दूध घालतो, तुरीवर फवारणी करतो. हात मात्र थरथरतो, वजन वाढलंय आणि बोलणं कमी झालंय.

आता मला स्थळ आलंय. मुलगा लातूरला नोकरीला आहे. आई म्हणते, "लगीन होईपर्यंत गोळ्या बंद ठिवू, हात थरथरायचा तरी थांबंल." पाव्हणे येतील त्या दिवशी दादाला मावशीकडं पाठवायचं ठरलंय. आप्पांची बीपीची गोळी टीव्हीशेजारी उघडी पडलेली असते. दादाच्या गोळ्या ज्वारीच्या कोठीमागं असतात आणि रिकामी पाकिटं आई चुलीत जाळते. आप्पा म्हणतात, "एकदा येरवड्याचा शिक्का बसला की तुझं बी जाईल आन त्याचं बी. त्याचं लगीन लावलं की आपोआप सुधरंल." मला हे पटत नाही, पण माझ्या सोयरिकीपायी घरात रोज भांडण होतंय. खरं सांगू की गप्प बसू?

– एक बहीण

उत्तर :

लेकी,

आधी गोळ्यांचं बोलते, कारण बाकी गोष्टी चार दिवस मागंपुढं झाल्या तरी चालतील. गोळ्या बंद करू नका. पाव्हण्यांसाठी नको, लग्नासाठी नको आणि "आता बरा हाय की" म्हणूनही नको.

आईला हे पटवताना एक गोष्ट नीट सांग. या आजाराची गोळी बंद केली की दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. आठ दिवस जातात, महिना जातो. उलट माणूस जरा तरतरीत दिसायला लागतो, सुस्ती उतरते, हात स्थिर होतो. घरचे म्हणतात, बघा, उगंच गोळ्या चारत होतो. भल्याभल्या घरांत इथंच घात होतो. मग एके दिवशी झोप मोडते. दोन रात्री जागरणात जातात, जेवणाच्या ताटाकडं पुन्हा संशयानं बघणं सुरू होतं आणि तोवर गोळी बंद केल्याचं कुणाच्या ध्यानातही राहिलेलं नसतं. पहिल्यांदा हा आजार होऊन बरं वाटलेल्या ज्या लोकांची गोळी मधेच सुटते, त्यांच्यातल्या बहुतेकांचा आजार वर्ष-दोन वर्षांत उलटतो. आत्ता तुळशीची लग्नं उरकलीत. आत्ता गोळी बंद करून तुझी तारीख वैशाखात धरली, तर दादाचा आजार ऐन पत्रिका वाटायच्या दिवसांत डोकं वर काढू शकतो. ज्या गोष्टीला घाबरून आई हे करतेय, तीच ती मांडवात बोलावतेय. आणि उलटलेला आजार आवरायला पहिल्या वेळेपेक्षा अनेकदा जास्त दिवस लागतात.

आता त्या थरथरण्याचं. हा थरकाप बहुतेक वेळा गोळीचा असतो, आजाराचा नसतो. या गोळ्या मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचा जोर कमी करतात, त्यामुळं कानात येणारे आवाज आणि संशय ओसरतो. पण हातापायांच्या हालचाली सुरळीत ठेवायलाही तेच रसायन लागतं. म्हणून काहींना थरकाप होतो, अंग आखडतं, झोपेत उशीवर लाळ गळते. यावर इलाज आहे. डॉक्टर डोस थोडा कमी करतात, गोळी बदलतात किंवा थरकापासाठी वेगळी छोटी गोळी देतात. वजन वाढलंय म्हणतेस, तर शुगरही तपासून घ्यायला हवी. मला खात्रीनं वाटतं की यातलं डॉक्टरांना कुणी सांगितलंच नसणार. सरकारी ओपीडीत काय होतं ते मी कितीदा पाहिलंय. तोंडाला ओढणी नाहीतर रुमाल गुंडाळून माणसं बाकावर बसलेली असतात, गावातलं कुणी दिसलं की भिंतीकडं तोंड फिरवतात. नंबर आला की डॉक्टर विचारतात पेशंटला, "कसं वाटतंय?" उत्तर देतो सोबत आलेला चुलता, "बराय साहेब, त्याच गोळ्या द्या." पेशंटचं तोंड उघडतच नाही. केसपेपरवर मागचंच पुन्हा लिहिलं जातं आणि सगळे भराभर बाहेर पडतात, कुणी बघायच्या आत. लाज माणसाला दवाखान्यात पोचल्यावरही सोडत नाही, ती अशी. तुझ्या दादाचा थरथरता हात हा बऱ्याच अंशी याच घाईचा परिणाम आहे.

तू विचारलंस, खरं सांगू की गप्प बसू. त्याआधी एक विचारते. दादाला कुणी विचारलंय का? तुझ्या पत्रात आईचं म्हणणं आहे, आप्पांचं आहे, तुझं आहे. काका आहेत, मामा आहेत. ज्याच्या आजाराबद्दल हे सगळं चाललंय, त्याचं एक वाक्य नाही. मला हे खटकलं, आणि मी ते तुझ्यावर राग म्हणून लिहीत नाहीये. आपल्या घरांत असंच होतं. एकदा माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला म्हटलं की त्याला विचारायचं असतं हेच आपण विसरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं हा हक्क स्पष्ट दिला आहे. आजाराची माहिती गुप्त राहणं हा त्या माणसाचा अधिकार आहे, आणि मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणाला बेअकली ठरवता येत नाही. म्हणजे आई-आप्पांनी त्याला न विचारता लपवणं चूक, तसं तू त्याला न विचारता पाव्हण्यांना सांगणंही चूकच. संध्याकाळी धार काढताना, शेतात, जिथं तो मोकळा असेल तिथं त्याच्याजवळ बस. "दादा, माझी सोयरीक चाललीय. तुझ्या आजाराबद्दल पाव्हण्यांना सांगावं असं मला वाटतंय. तुला काय वाटतं?" एवढंच विचार. तो लगेच बोलणार नाही. दोन दिवस जाऊ दे. त्यानं नको म्हटलं तर का नको ते ऐकून घे. काय सांगायचं आणि काय नाही, ते त्याच्या मनानं ठरव.

त्यानं हो म्हटलं, तर माझं मत सरळ आहे. सुपारी फुटायच्या आधी सांगावं. कायद्यानं तसं बंधन नाही. हिंदू विवाह कायद्यात फसवणुकीचा मुद्दा येतो तो वधू-वरांबद्दलच्या गोष्टी लपवल्या तर, भावाच्या आजाराबद्दल नाही. पण तुझा संसार कायद्याच्या कलमांवर चालणार नाही. गावाला हे माहीत नाही असं आप्पांना खरंच वाटतं का? पोरगं दुसऱ्या गावात सापडलं, गोठ्यात बांधलं, सैलानीला गाडी करून नेलं. आपल्याकडं पाव्हणे चौकशीला येतात तेव्हा आधी पारावर थांबतात, डेअरीवर चहा घेतात, मग घरी येतात. त्यांना तिखटमीठ लावून कुणी ना कुणी सांगणारच. तुमच्या तोंडून कळलं तर ती एका आजाराची माहिती असेल. भावकीतल्या कुणाकडून कळलं तर ती तुमची लबाडी ठरेल, आणि तिचा जाब सासरी तुला द्यावा लागेल, तोही वर्षानुवर्षं.

सांगायचं कुणी? तू नको, नवऱ्या मुलाच्या कानात तर मुळीच नको. मामांनी सांगावं. त्यांनीच दादाला दवाखान्यात नेलं, आणि मामाच्या शब्दाला सोयरिकीत वजन असतं. बैठकीत चारचौघांसमोर नको, मुलाच्या वडलांना बाजूला घेऊन सांगावं: "पोरीच्या भावाला गेल्या वर्षी मानसिक आजार झाला होता. अंबाजोगाईला इलाज चालू आहे. गोळी रोज घेतो, दूध-शेती बघतो. तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा आम्हीच सांगतोय. काही विचारायचं असलं तर विचारा." बास. रडायचं नाही, हात जोडायचे नाहीत, हुंड्याच्या आकड्यात भर टाकून तडजोड तर अजिबात करायची नाही. आजार लपवायचा म्हणून पैसे वाढवून दिलेली लग्नं आपल्या भागात कमी नाहीत. त्या पोरींचं पुढं काय होतं ते तुलाही ठाऊक असेल.

ते एक प्रश्न नक्की विचारतील, की हे रक्तात आहे का. याचं खरं उत्तर तुझ्याकडं असू दे. हा आजार आयुष्यात कधीतरी होण्याची शक्यता कुणालाही शंभरात साधारण एक असते. सख्ख्या भावंडांत ती शंभरात नऊ-दहापर्यंत जाते आणि भाच्या-पुतण्यांत तीन-चारच्या आसपास असते. धोका थोडा जास्त आहे, हे लपवायचं कारण नाही. पण आजारी मामा असलेल्या शंभरातल्या पंच्याण्णवाहून जास्त लेकरांना हा आजार होत नाही. आणि पाव्हण्यांच्या घरी तरी सगळं कोरं असेल का? बंगळुरूच्या निमहान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली. प्रौढांपैकी जवळजवळ १०.६ टक्के लोकांना तेव्हा कुठला ना कुठला मानसिक आजार होता. उदासीनतेपासून दारूच्या व्यसनापर्यंत सगळं त्यात आलं. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचलेला नव्हता. तुझा दादा उपचार घेणाऱ्या थोड्यांतला आहे. एवढ्या मोठ्या भावकीत असा एकही माणूस नाही असं कुठलं घराणं सांगू शकेल?

तरीही ही सोयरीक मोडू शकते. मी तुला खोटा धीर देणार नाही. मोडली तर आप्पा म्हणतील, बघ, सांगितलं होतं. त्या दिवशी तुला फार एकटं वाटेल आणि दादाच्या नजरेला नजर देणं जड जाईल. म्हणूनच आधी त्याच्याशी बोलायला सांगितलं. त्याला विचारून घेतलेला निर्णय असेल तर ते ओझं एकट्या त्याच्या डोक्यावर येणार नाही. मात्र ज्या घराला भावाच्या आजाराची ओळखसुद्धा नको, तिथं उद्या बाळंतपणानंतर तुलाच उदासीनता आली तर कुणाला सांगशील? याचाही विचार कर.

दादाला पाव्हण्यांच्या दिवशी मावशीकडं पाठवू नका. डेअरीवर रोज दूध घालणारा, तुरीवर औषध मारणारा माणूस त्याच्या बहिणीच्या बैठकीत नको, हे त्याला कुठल्या शब्दांत सांगणार? वर्षभरात जे सावरलं ते एका दुपारी मोडायचं नाही. बसायचं की शेतात जायचं, ते त्याचं त्याला ठरवू द्या.

आता दादाच्या लग्नाचं. आप्पांचं हे म्हणणं मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक अशा घरात ऐकायला मिळतं आणि मला ते ऐकवत नाही. लग्न हे या आजाराचं औषध नाही. नवी जबाबदारी, नवं माणूस, जागरणं, पैशाची ओढाताण यांनी सांभाळलेला आजार उलटायची भीतीच जास्त. आणि ज्या पोरीला न सांगता या घरात आणतील, तिचा काय गुन्हा? इथं मात्र कायदा आड येतो. नवऱ्या मुलाचाच आजार लपवून लग्न लावलं तर फसवणूक म्हणून ते लग्न रद्द करून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत तसा अर्ज करता येतो. दादानं कधीच लग्न करू नये असं मी म्हणत नाहीये. हा आजार असलेली किती तरी माणसं गोळ्या घेत संसार करतात. पण तो स्थिर असावा, त्याला स्वतःला लग्न करावंसं वाटावं आणि मुलीला सगळं आधी माहीत असावं.

आणि ती गोठ्यातली रात्र. तू एका ओळीत लिहून पुढं गेलीस, मला पुढं जाता आलं नाही. काकांना वाटलं असेल, पोरगं पुन्हा निघून जाईल, विहिरीत पडेल. घाबरलेल्या माणसानं केलेली गोष्ट आहे, हे मला कळतं. पण मानसिक आजाराच्या माणसाला कुठल्याही प्रकारे साखळदंडानं बांधून ठेवायला त्याच २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि दावं असलं म्हणून ती गोष्ट वेगळी होत नाही. अशा बांधण्यानं काय होऊ शकतं ते बघ. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. त्यांना पळता आलं नाही, २८ जण जळून गेले. दादा ती रात्र विसरला असेल असं धरून चालू नका. आजाराच्या भरात काय घडलं ते अनेकांना लख्ख आठवतं. काकांनी एकदा त्याच्याजवळ बसून "चुकलं रे माझं" म्हटलं तर तुझ्या लग्नात तो त्यांच्याशेजारी उभा राहू शकेल. पुन्हा कधी असा बाका प्रसंग आलाच, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. मांत्रिकानं मारणं, चटके देणं, भूत काढायला बांधणं हा तर राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाच आहे.

सैलानीला जाणं सोडा असं मी आईला सांगणार नाही. तिची श्रद्धा आहे, तिला तिथं धीर येतो. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर आलेल्या माणसांना तिथंच डॉक्टरही भेटतात, गोळ्याही मिळतात. त्याला 'दवा आणि दुआ' असंच नाव आहे. आईनं नवस करावा, पण खिशात दादाची गोळी घेऊन जावं. प्रवासात एकही डोस चुकू नये.

येरवड्याच्या शिक्क्याबद्दल आप्पांना एवढंच सांग. त्यांच्या लहानपणी वेड म्हणजे येरवडा एवढंच माहीत होतं. आज संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे आणि तिथं येणाऱ्या बहुतेकांना भरतीच करावं लागत नाही. दादालाच बघा म्हणावं.

लग्न ठरलं तर, या घरी असो की पुढच्या, दादाची झोप सांभाळा. हळदीच्या रात्री डीजे, पाव्हण्यांची ये-जा, पहाटेपर्यंत स्वयंपाक, यात त्याला करवला म्हणून जागवू नका. जागरण या आजाराला अजिबात चालत नाही. शेजारच्या एखाद्या शांत घरी त्याचं अंथरूण आधीच सांगून ठेवा. उन्हात पाणी भरपूर पिऊ द्या, आणि पोरांनी "घे रे एक घोट" म्हणून दारू पुढं केली तर अडवायला एखादा मित्र सोबत असू द्या.

आणि तू. गेलं वर्षभर घरातलं हे सगळं तू पोटात ठेवून आहेस, हे पत्रावरून दिसतं. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. तो दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तो पेशंटसाठी आहे तसाच पेशंटच्या बहिणीसाठीही आहे. दादा कधी मरणाचं बोलू लागला किंवा फवारणीच्या औषधाकडं त्याचं लक्ष जाताना दिसलं, तर औषधाचे डबे कुलपात ठेवा, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दादाच्या पुढच्या तारखेला आप्पांनाही अंबाजोगाईला घेऊन जा. लग्न लावलं की सुधरंल हे त्यांना तू सांगून पटणार नाही, मी लिहूनही पटणार नाही. डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. जाताना प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या, ओपीडीच्या गर्दीत आठवत नाहीत. हाताचा थरकाप कसा कमी करायचा, वजन आणि शुगरचं काय, गोळी किती वर्षं घ्यायची, रोजच्या गोळीऐवजी महिन्याला एक इंजेक्शन त्याला चालेल का. आणि तो कागद दादाच्या हातात दे, वाचून त्यालाच विचारू दे.

– ताई